खाडा का पडतो, हे आधी बघूया

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘माणसं मिळत नाहीत, मिळाली तर टिकत नाहीत’ ही कोल्हापूरच्या उद्योजकांची तक्रार आपल्या दैनिकात अधूनमधून वाचतो. तक्रार खरी आहे. शिवाजी उद्यमनगरात माझं छोटं मशीन शॉप आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांतून आलेल्या कास्टिंगचं (ओतीव भागांचं) टर्निंग, ड्रिलिंग, टॅपिंग, म्हणजे कातकाम, भोकं आणि आटे पाडणं, आम्ही करतो. तीन सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी लेथ), एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन), बाकी जुनी लेथ आणि रेडियल ड्रिल. माणसं सोळा. त्यातली तीन आली नाहीत की त्या दिवशीचा माल निघत नाही, आणि संध्याकाळी फोन मला येतो. टंचाई कशी असते ते मी रोज सकाळी आठला मस्टर, म्हणजे हजेरीपट, उघडलं की बघतो.

पण या तक्रारीला जोडून आणखी एक वाक्य येतं: ‘आजकालच्या पोरांना कष्टच नकोत.’ हे वाक्य मीही दहा-बारा वर्षं म्हणत आलो. आता माझ्याच्यानं म्हणवत नाही. का, ते सांगण्यासाठी हे पत्र.

तीन वर्षांपूर्वी मी हजेरी बोनस सुरू केला. महिन्यात एकही खाडा नसेल तर पंधराशे रुपये जादा. आमच्या भागात बऱ्याच शॉपमध्ये अशीच पद्धत आहे. पहिल्या महिन्यात नऊ जणांनी तो घेतला आणि मला वाटलं, जमलं. तिसऱ्या महिन्यापासून मात्र उलटंच घडू लागलं. पहिल्या आठवड्यात ज्याचा एक खाडा पडायचा, तो त्याच महिन्यात आणखी तीन-चार पाडायचा. राधानगरीकडच्या एका लेथ ऑपरेटरला मी रागानं विचारलं. तो शांतपणे म्हणाला, ‘मालक, पंधराशे बुडाल्यातच की. आता गावाकडचं समदं उरकूनच येतो.’ त्याचा हिशेब बरोबर होता. मी बोनसची रचनाच अशी केली होती की एकदा चुकलेल्या माणसाला उरलेल्या महिन्यात यायचं काही कारण राहत नव्हतं.

याहून वाईट गोष्ट पुढं घडली. डिसेंबर महिना, पंचवीस तारीख उलटलेली. ड्रिलिंगवरचा माझा एक कामगार अंगात ताप असताना कामावर आला. थंडी वाजत होती म्हणून लांब बाह्यांचा स्वेटर घालून मशीनवर उभा राहिला. फिरत्या ड्रिलजवळ सैल बाही, हातमोजे चालत नाहीत, हे आमच्याकडं पहिल्या दिवशी शिकवतात. त्यालाही माहीत होतं. पण तापात माणसाचं लक्ष किती असणार? ड्रिलनं बाही ओढली. शेजारच्यानं धावत जाऊन मशीन बंद केलं म्हणून हात वाचला, तर्जनीचं टोक मात्र गेलं. दवाखान्यात त्याच्या बायकोनं मला एवढंच सांगितलं की, ‘जाऊ नका म्हणलं होतं, पण पाच दिसच ऱ्हायल्यात, पंधराशे जात्यात म्हणाले.’ त्या रात्री मला झोप लागली नाही. सैल बाही मशीनजवळ दिसत असताना मी केबिनमध्ये बिलं करत बसलो होतो. त्याला तापात मशीनपर्यंत आणणारा नियमही मीच केला होता.

आणखी एक गोष्ट तेव्हा कळली आणि ती मला जास्त लागली. राज्य कामगार विमा योजनेचं कार्ड त्याच्या पाकिटातच होतं. त्याच्या पगारातून पाऊण टक्का कापला जात होता, माझ्याकडून सव्वातीन टक्के भरले जात होते. आजारपणात या योजनेतून मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळू शकते, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. अटी आहेत, विमा दवाखान्याच्या डॉक्टरचा दाखला लागतो, पण मिळते. हे त्याला ठाऊक नव्हतं, कारण मी कधी सांगितलंच नव्हतं. एवढी वर्षं मी त्याकडं केवळ भरायचं चलन म्हणून बघत होतो.

त्यानंतर एका सुट्टीच्या दिवशी मागच्या तीन वर्षांची मस्टर घेऊन बसलो आणि प्रत्येक खाड्यावर लाल पेनानं खूण करत गेलो. मला वाटलं होतं खुणा वर्षभर विखुरलेल्या असतील. तसं नव्हतं. जुलैमध्ये एक मोठा पुंजका, दिवाळीच्या मागंपुढं दुसरा, चैत्र-वैशाखात तिसरा, पगाराच्या दुसऱ्या दिवशी बारीक बारीक. उरलेल्या वर्षात माझी माणसं जवळपास रोज आलेली होती.

जुलै म्हणजे रोपलावण. माझ्या सोळांपैकी सात जण राधानगरी, भुदरगड, गगनबावडा या भातपट्ट्यातले. कुणाला वीस गुंठे, कुणाला एक एकर. शहरातल्या माणसाला वाटतं, वीस गुंठ्यांच्या लावणीला एक दिवस पुरे. पण तिकडं लावण पैऱ्यावर, म्हणजे कामाच्या बदल्यात कामावर, चालते. माझ्या रानात तुम्ही चार माणसं आलात, तर तुमच्या रानात मला चार दिवस आलंच पाहिजे. पैरा फेडला नाही तर पुढच्या वर्षी बांधावर कुणी उभं राहत नाही. म्हणजे जो माणूस माझ्या मस्टरवर पाच खाडे पाडतो, तो त्या पाच दिवसांत गुडघाभर चिखलात वाकून, पावसात, दिलेला शब्द पाळत असतो. त्याला कष्ट नकोत असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?

त्याच दिवसांत पंचगंगा वाढते. राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी. पण गगनबावड्याचा रस्ता कधी बंद होणार हे तिथल्या माणसाला आकडा बघून नाही, एसटी परत फिरली की कळतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गच पाण्याखाली गेला होता. २०२१ ला पुन्हा तेच. रस्ता बंद पडलेल्या दिवसांचे खाडेसुद्धा माझ्या मस्टरवर साध्या खाड्यासारखेच मांडलेले होते, आणि त्यांचा बोनसही मी कापला होता. हे लिहिताना मला लाज वाटते.

परप्रांतीय मुलांचं वेगळं. झारखंडची दोन मुलं माझ्याकडं सीएनसीवर आहेत. इकडचे लोक म्हणतात, ‘गेली की महिनाभर येतच नाहीत.’ कोल्हापूरहून धनबादला जाणारी दीक्षाभूमी एक्स्प्रेस आठवड्यातून एकदाच सुटते. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि छठ, होळीच्या वेळेस लगेच संपतं. चार दिवसांच्या कामाला गेलेला मुलगा परतीची गाडी गाठेपर्यंत पंधरा दिवस सहज मोडतात. आता आम्ही ६० दिवस आधी सगळे मिळून बसतो, तारखा ठरवतो, जाण्याचं आणि येण्याचं तिकीट माझ्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर एकदमच काढतो. गेल्या छठला गेलेला मुलगा सांगितलेल्या दिवशी परत आला.

पगाराच्या दुसऱ्या दिवशीचे खाडे दारूचे होते, हेही लपवत नाही. दोघांचे. पूर्वी पगार सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी रोख व्हायचा. तो आठवड्याच्या मध्यात आणि थेट बँकेत द्यायला लागलो. दोघांपैकी एक सावरला. दुसऱ्यासाठी मी बरेच दिवस थांबलो, त्याच्या भावाला बोलावून घेतलं, शेवटी त्याला काढावं लागलं. लेथवर त्याच्यासारखा हात माझ्याकडं पुन्हा आला नाही.

आता ‘पूर्वीची माणसं निष्ठेची होती’ याबद्दल. माझे वडील शाहू मिलमध्ये होते. शाहू महाराजांनी १९०६ साली काढलेली ती मिल, तिच्या भोंग्यावर अख्खं कोल्हापूर घड्याळ लावायचं. आमच्या घरात सांगतात की वडील एक दिवसही चुकले नाहीत. पण वडील स्वतः वेगळं सांगायचे. ते सुरुवातीची काही वर्षं बदली कामगार होते. रोज पहाटे गेटवर जाऊन उभं राहायचं, आत किती जागा रिकाम्या पडल्यात ते बघायचं, नाव पुकारलं तर आत, नाहीतर घरी. म्हणजे रोज काही माणसं येणार नाहीत हे मिलनं गृहीतच धरलं होतं. लोक तेव्हाही शेताला, यात्रेला, लग्नाला जात होते. मिलला त्याचा त्रास जाणवत नव्हता, कारण तो गेटवर उभ्या राहणाऱ्या बदलीच्या पोटावर ढकललेला होता. आज गेटवर कुणी उभं राहत नाही, आणि ते चांगलंच आहे. पण आम्ही मालकांनी तेवढी जादा माणसं ठेवणंही बंद केलं. सोळा मशीनना सोळा माणसं, आणि एक आला नाही की पिढीला नावं ठेवायची.

मी सतरावा माणूस ठेवला. त्याला पूर्ण पगार आहे. तो कुठल्याही मशीनवर उभा राहू शकतो आणि सगळे हजर असतील त्या दिवशी तपासणी, फिक्स्चर दुरुस्ती, टूल लावणं ही कामं करतो. त्याच्यासोबत आणखी चौघांना दुसरं मशीन शिकवलं आणि दिवसाला चाळीस रुपये वाढवून दिले. बोनस आता आठवड्याचा आहे, एक आठवडा गेला तर पुढचा तुमचाच. दोन दिवस आधी सांगितलेला दिवस खाडा धरला जात नाही. ताप असेल तर मशीनवर उभं राहायचं नाही, हा नियम भिंतीवर लावला आहे आणि त्या दिवसाचा बोनस जात नाही. वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा हे १९४८ च्या कारखाने कायद्यापासून चालत आलेलं आहे. मी ती पूर्वी वर्षाअखेर पैशात देऊन टाकायचो आणि घेऊ मात्र द्यायचो नाही. आता मोठ्या कॅलेंडरवर ज्यानं त्यानं आपल्या रजेचे दिवस स्वतःच्या हातानं लिहायचे. खाडे संपलेले नाहीत. पण जे पडतात ते मला आधी माहीत असतात, आणि गिऱ्हाइकाला खोटी तारीख द्यावी लागत नाही.

याला पैसा लागतो, आणि इथं मला मोठ्या कारखान्यांशी बोलायचं आहे. लघुउद्योगांची बिलं जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावीत असं २००६ चा कायदा सांगतो. मला एका बड्या गिऱ्हाइकाकडून नव्वद दिवसांच्या आत रक्कम क्वचितच मिळते. ज्या महिन्यात ती अडकते त्या महिन्यात पगार चार दिवस पुढं जातो, आणि पगार पुढं गेला की त्याच आठवड्यात कुणीतरी शेजारच्या शॉपमध्ये रोजाला वीस रुपये जादा बघून निघून जातो. खरेदी विभागातले साहेब मला विचारतात, ‘तुमची माणसं का टिकत नाहीत?’ त्यांच्याच टेबलावर माझी बिलं पडलेली असतात.

दुसरी विनंती एसटी महामंडळाला. माझा एक हेल्पर गगनबावडा रस्त्यावरच्या एका वाडीतून येतो. पहाटे साडेचारला उठतो, दोन किलोमीटर चालत फाट्यावर येतो. पहिली गाडी गर्दीनं भरून आली तर थांबत नाही, मग दुसरीनं येऊन तो पावणेनऊला दारात उभा. पूर्वी मी त्याचा अर्धा दिवस कापत होतो. शिफ्ट आठला सुरू होते. राधानगरी, गगनबावडा, गारगोटी या तिन्ही बाजूंनी साडेसातपर्यंत शहरात पोहोचणारी आणि फाट्यांवर नक्की थांबणारी एकेक गाडी ठेवली, तर उद्यमनगरातल्या कितीतरी शॉपचं मस्टर बदलेल. आमच्या संघटनांनी कामगार टंचाईवर बैठका घेताना एकदा आगारप्रमुखांनाही बोलवावं.

माझं नाव कृपया छापू नये. नाव आलं तर बोट गमावलेला माणूस कोण, दारू कोण पीत होता, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना कळेल. ड्रिलिंगवरचा तो कामगार आता तपासणीच्या टेबलावर आहे, पगार तोच. कॅलेंडरवर जुलैच्या पानावर सात जणांनी लावणीचे आणि पैऱ्याचे दिवस आताच लिहून ठेवलेत. दुसऱ्या आठवड्यात एकाच वेळी तिघे जाणार आहेत. सतरावा माणूस लेथवर जाईल, एक सीएनसीवाला व्हीएमसीही सांभाळेल आणि ड्रिलवर मी स्वतः उभा राहणार आहे, आखूड बाह्यांचा शर्ट घालून.

आपला,
एक मशीन शॉपमालक,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर