टाळ टोचतायत का?

काका,
साष्टांग नमस्कार.

नाव घालत नाही. परवा फोनवर विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "माझं नाव सोडून काय वाट्टेल ते लिही." तेवढं पाळते.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनिमुद्रणाच्या जागा मोजक्याच, माझा नंबर लागला नाही. मग बाबांनी एफडी मोडून मुंबईतल्या एका खासगी कोर्सची फी भरली. तिथे पाहुणे यायचे. कुठल्या गायकाने आपल्या पाठीवर कधी थाप मारली ते सांगायचे, सेल्फी काढायचे, जायचे. एकाने तर भर वर्गात विचारलं, "मुलींनी या लाइनीत कशाला यायचं? केबलची बंडलं कोण उचलणार?" वर्ग हसला. (त्यांच्याच लेक्चरसाठी केबल मी ओढून आणली होती. असो.) नंतर एका स्टुडिओत सहा महिने इंटर्नशिप केली. कोणाच्या कटिंगमध्ये किती साखर ते अजून तोंडपाठ आहे. फेडरला, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या सरकत्या बटणाला, बोट लावल्याचं मात्र आठवत नाही.

मग एक दिवस कोर्सच्या वर्गात तुम्ही आलात आणि पिशवीतून शिंप्याची टेप काढलीत. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो, म्हणून एकच आवाज दोन माइकमध्ये मागेपुढे पोचला की पोकळ होतो, हे तुम्ही फळ्यावर न लिहिता माझ्या मैत्रिणीला गायला लावून ऐकवलंत. तोंडापासून माइक एक फूट, तर शेजारचा माइक त्याच्यापासून निदान तीन फूट. मग रिळाची गोष्ट. दोन इंच रुंद रेकॉर्डिंग टेपचं अडीच हजार फुटी रीळ सेकंदाला ३० इंच पळायचं आणि १६ मिनिटं ४० सेकंदांत संपायचं. "म्हणून आधी कान, मग लाल बटण," म्हणालात. आणि जाताना, "कोणाला बघायला यायचंय का?"

आले मी. अभंगाचं रेकॉर्डिंग होतं. गायक, पेटी, पखवाज आणि टाळ घेऊन दोन पोरं. तुम्ही काचेआड बसून पाच मिनिटं नुसतं ऐकलंत. मग डोक्यावरचा हेडफोन काढून माझ्या डोक्यावर ठेवलात, तो सैल होता म्हणून स्वतःच आवळलात आणि हळूच म्हणालात, "टाळ टोचतायत का बघ. आठ हजाराच्या वरचं मला आता ऐकू येत नाही."

काका, मला आधी कळलंच नाही तुम्ही काय सांगितलंत ते. माणसाचा कान २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतो, वय झालं की वरचं टोक, म्हणजे बारीक, तीक्ष्ण आवाज, आधी जातं, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. पण ज्याचं पोट कानावर, तो माणूस तीन आठवड्यांच्या ओळखीच्या पोरीला हे सांगतो? टाळांची सगळी धार तर तिथेच, त्या वरच्या पट्ट्यात.

"टोचतायत," मी म्हणाले. आवाज फुटत नव्हता.

तुम्ही उठलात, गुडघा धरून सतरंजीवर बसलात, शिंप्याची टेप लावलीत आणि पोरांना गायकाच्या माइकच्या बरोबर पाठीमागे, चार फूट लांब उभं केलंत. त्या माइकला पाठीमागचं कमी ऐकू येतं ना. परत आलात. "आता?" अजून थोडे. पोरं आणखी फूटभर मागे गेली. "आता?" आता गोड, मी म्हणाले. तुम्ही पोरांच्या पायांशी कागदी टेपची फुली मारलीत आणि गायकाला सांगितलंत, "चला, हिला बरं वाटतंय, घेऊया." तुमच्या कानांबद्दल चकार शब्द नाही. हिला बरं वाटतंय, एवढंच.

आपल्याला काय येतं ते सांगणारे मला रग्गड भेटले. आपलं काय गेलंय ते सांगून शिकवणारे तुम्ही पहिलेच. भली माणसं अशीच असावीत बहुतेक, त्यांच्याकडून काय घेतलं ते घरी गेल्यावर कळतं. मला लोकलमध्ये कळलं, अंधेरीच्या आसपास, आणि शेजारच्या बाईंनी न विचारता पाण्याची बाटली पुढे केली. त्यांचेही आभार इथेच मानते.

बाबांना अभंग ऐकवला. ते म्हणाले, "टाळ छान लागलेत." मी काही बोलले नाही.

तुमची,
केबलवाली

ता. क. शिंप्याची टेप माझ्याच बॅगेत राहिलीय. शनिवारी पहिल्या वर्षाच्या मुलांना माइक लावून दाखवायला बोलावलंय, तेव्हा लागेल. रविवारी आणून देते.