ब्रेकवर आईचा पाय ठेवणाऱ्या मिस्तरी आबांना

आबा,

नमस्कार. तुम्ही फोनवर दोन वाक्यांच्या वर बोलत नाही. समोर आभार मानायला लागलो तर पाना उचलून दुसऱ्या गाडीखाली शिरता. म्हणून लिहितो आहे, आणि चारचौघांत लिहितो आहे.

परवा आईला घेऊन कन्नड-चाळीसगाव रस्त्यावरचा औट्रम घाट उतरलो. तीच गाडी, तोच घाट, पुढच्या सीटवर तीच आई. दीड वर्षानंतर. घाट संपल्यावर गाडी बाजूला घेतली आणि तुम्ही शिकवलं तसं पुढच्या दोन्ही चाकांजवळ हात नेऊन पाहिला. दोन्हीकडे सारखीच धग होती. आई आत बसून पिशवीतले पेरू मोजत होती. तिच्या लक्षातही आलं नव्हतं की घाट संपला. मला तिथे रस्त्याच्या कडेलाच रडू आलं, आबा.

ही जीप वडिलांनी १९९३ साली कापसाच्या पैशातून घेतली. एमएम ५४०, प्यूजो इंजिन, एमएच १९ची पासिंग. वडील गेले, बैल गेले, ती मात्र राहिली. ३१ ऑगस्ट २०२१ला घाटात दरडी कोसळल्या, तितूर आणि डोंगरीला पूर आला, तेव्हा आमच्या भागात चारा आणि माणसं ओढायला हीच गाडी फोर व्हीलमध्ये टाकून फिरत होतो. पाण्यातून बाहेर निघालं की चाकातले ब्रेकचे ड्रम ओले. पुढचे चार-पाच ब्रेक लागायचेच नाहीत, आणि लागले की गाडी डावीकडे ओढायची. आम्हाला त्याची सवय झाली होती. ही सवयच नडली.

संभाजीनगरला आईचे डोळे दाखवून येत होतो. आषाढातला पाऊस, खाली उतरणाऱ्या गाड्यांची रांग, सारखा ब्रेकवर पाय. ड्रम तापला की फुगतो, आतून त्याला घासणाऱ्या लायनरपासून लांब जातो आणि पॅडल खाली खाली जायला लागतं. हे मला तुमच्याकडून नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की पाय थेट पत्र्याला टेकला. दुसरा गिअर कसाबसा पडला, गाडी डोंगराच्या बाजूच्या नालीत घातली. आईचा गुडघा डॅशबोर्डवर आपटला. ती ओरडली नाही. फक्त त्या दिवसानंतर गाडीत बसली नाही. लग्न असो, मयत असो, एसटीने जायची. गाडी अंगणात उभी असली तरी तिच्याकडे न बघता बाहेर पडायची.

पुढच्या ॲक्सलला डिस्क ब्रेक बसवायचं तेव्हाच ठरवलं. नंतरच्या मॉडेलचे नकल, हब, डिस्क आणि ती डिस्क पॅडने चिमटणारे कॅलिपर, सगळं गोळा केलं. त्यानंतर दोन गॅरेजांनी माझे आठ महिने खाल्ले. पहिल्याने बसवून दिलं, पण पॅडल लोण्यासारखं. दोन-तीनदा पंप केल्याशिवाय ब्रेक लागेना. विचारलं तर म्हणाला, डिस्कला असंच असतं. दुसऱ्याने तीन वेळा ऑइल बदललं, तीन वेळा पैसे घेतले, आणि चाक एवढं जाम व्हायला लागलं की दहा किलोमीटरवर जळका वास यायचा. आई एकदा सोबत आली होती. तिने विचारलं, पाण्यातून गेल्यावर लागतील का हो हे? तो माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, तुम्हाला नाही कळणार काकू. शेवटी त्याने फोन उचलणं बंद केलं. ज्याच्या हातावर दुसऱ्याचा जीव अवलंबून आहे त्याने फोन न उचलणं याला मी आळस म्हणत नाही. त्याबद्दल माझ्या मनात अजून राग आहे आणि तो जाऊही नये असं वाटतं.

मग कोणीतरी सांगितलं, धुळ्याला आबांकडे जा. मी गाडी टेम्पोत घालून आणली. आईला एसटीने बोलावलं, कारण गाडी तिच्या नावावर आहे आणि भंगारात द्यायची वेळ आली तर तिच्यासमोर द्यायची होती.

तुम्ही चाक काढलं. कॅलिपरकडे बघितलं आणि बिडी खिशात परत ठेवली. म्हणालात, "भो, डावा उजवीकडे लावलाय आणि उजवा डावीकडे. हवा काढायचं निपल खाली गेलंय. हवा तर वर जाते. ती निघणार कुठून?" आठ महिने, आबा. तुम्हाला दोन मिनिटं लागली. तुम्ही मला नवे कॅलिपर विकू शकला असता, मी मुकाट्याने घेतले असते. तुम्ही तेच काढले, अदलाबदल केली आणि फक्त तांब्याचे वायसर नवीन टाकले. जाम होण्याचं कारणही तुम्ही शोधलं. पॅडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलणारा मास्टर सिलिंडर जुना, ड्रमचाच ठेवला होता. त्यातला व्हॉल्व्ह लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवतो. ड्रमला तो चालतो, डिस्कला मात्र पॅड घासत राहतात. तो बदलून दुहेरी घातला, म्हणजे एक लाइन फुटली तरी दुसरी राहते. पायाचा जोर वाढवणारा, व्हॅक्यूमवर चालणारा बूस्टर जोडला, आणि डिझेल इंजिनाला स्वतःचा व्हॅक्यूम नसतो म्हणून अल्टरनेटरमागच्या पंपाची नळी तपासली. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून होज पाइप आणि टायरमध्ये बोट घालून पाहिलं. हे सगळं चोख झालं. पण पत्र त्यासाठी नाही.

पॅडल मऊ करणारी ऑइलमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एक पॅडलवर, एक निपलवर. तुमचा पोरगा तिथेच उभा होता, मी होतो. तुम्ही स्टुलावर बसलेल्या आईकडे गेलात आणि म्हणालात, "आक्का, तुमी बसा ना. गाडी तुमचीच शे." ती नको म्हणाली. तुम्ही आग्रह केला नाही, नुसता दरवाजा उघडा धरून उभे राहिलात. हाताला ऑइल होतं म्हणून कोपराने धरला होता. ते कोपर माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. बराच वेळ गेला. मग आईने चपला काढल्या आणि दीड वर्षात पहिल्यांदा त्या गाडीत चढली, तीही वडिलांच्या सीटवर.

"दाबा… धरी ठेवा… आते सोडा." पंधरा-वीस वेळा. निपलला लावलेल्या नळीतून बाटलीत आधी बुडबुडे येत होते, मग नुसतं ऑइल. आईचा भेगाळलेला पाय पॅडलवर, आणि प्रत्येक वेळी ते थोडं थोडं वर थांबायला लागलं. शेवटी ती आपणहून म्हणाली, "आते दगडसारखं लागस." तुम्ही चाकामागूनच विचारलं, "नक्की ना, आक्का?" तिने पुन्हा दाबून पाहिलं आणि म्हणाली, "नक्की."

तिचा तो जुना प्रश्न तिने तुम्हालाही विचारला. तुम्ही हसला नाहीत. बादलीभर पाणी डिस्कवर ओतलंत, तिला शेजारी बसवून आवारातच गाडी पुढे घेतलीत आणि ब्रेक दाबलात. गाडी जागच्या जागी थांबली. "उघडी असते, पाणी फेकून देते," एवढंच बोललात. संध्याकाळी लळिंगच्या घाटात चाचणीला निघालो तेव्हा कोणी न सांगता ती पुढे बसली.

आपल्या खान्देशात तुमच्यासारखी माणसं अजून आहेत, लेथवर, मोटार भरायच्या दुकानात, पंक्चरच्या टपरीवर. बिघाड काय आहे ते खरं सांगतात, आणि ज्याची वस्तू आहे त्याच्याशी बोलतात. पाटी लहान असते म्हणून आम्हीच त्यांच्यापर्यंत उशिरा पोचतो. मीही आधी चकचकीत गॅरेजात गेलो, ही चूक माझी.

आई विचारते आहे, आखाजीला, अक्षय्यतृतीयेला, याल का. खापरावरचे मांडे आणि आंब्याचा रस करणार आहे. एसटीने यायचं नाही, न्यायला आम्हीच येतो. पुढची सीट मात्र आता तिची आहे.

तुमचा,
चाळीसगाव तालुक्यातला जीपवाला