शेक घेऊन खांदा सुटत नाही

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

दरवर्षी ८ सप्टेंबरला जागतिक फिजिओथेरपी दिन होतो. शिबिरे भरतात, फोटो छापून येतात, पण फिजिओथेरपिस्टकडे गेल्यावर नेमके काय व्हायला हवे हे लोकांपर्यंत पोहोचत नाही. म्हणून हे पत्र.

मी इचलकरंजीत फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणारे बहुतेक जण यंत्रमागावरचे: मागवाले, जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारे, कांड्यांवर सूत भरणाऱ्या कांडीवाल्या बायका. बारा तासांची पाळी, मागांमधून सतत फेऱ्या, धागा तुटला की कमरेतून वाकून गाठ मारायची. कंबर, मान, गुडघे, टाचा यांतले काहीतरी धरतेच. आणि दारातूनच विनंती होते, "म्याडम, शेक तेवढा द्या, कामावर जायचं हाय."

यात त्यांचा काही दोष नाही. पॅड लावायचे, मशीन सुरू करायचे, पंधरा मिनिटांनी पुढचा पेशंट घ्यायचा, ही सवय आमच्याच व्यवसायातल्या अनेकांनी लावली. मशीनने दुखणे काही वेळ हलके होते, मीही ते वापरते. पण आखडलेला सांधा आणि ताकद गेलेला स्नायू नुसते पडून राहून सुधारत नाहीत.

मध्यंतरी कांड्या भरणाऱ्या एक मावशी आल्या. उजवा हात वर जाईना, वेणी घालता येईना, रात्री त्या कुशीवर झोप लागेना. कुणा मालिशवाल्याने हात जोर लावून ओढला होता, त्याने ठणका दुप्पट झाला होता. मी आधी सगळे विचारून घेतले: कधीपासून दुखते, पडला होतात का, शुगर आहे का. मग कोपर अंगाला चिकटवून पंजा बाहेरच्या बाजूला न्यायला सांगितला. हात थोडा सरकून अडला. मी नेऊन पाहिला, तरी त्याच जागी अडला. पेशंटला हलवता येत नाही पण आम्ही नेला तर हात सहज जातो, तेव्हा स्नायू कमजोर झालाय किंवा फाटलाय अशी शंका येते. दोन्ही वेळा एकाच ठिकाणी अडला की सांध्याचे आवरणच आवळले गेले असण्याची शक्यता जास्त. हाच फ्रोझन शोल्डर. मधुमेह असलेल्यांत तो जास्त दिसतो, म्हणून मावशींना रक्त तपासायला डॉक्टरांकडे पाठवले. साखर बरीच वाढलेली निघाली. त्यांना तोवर कल्पनाच नव्हती.

हात किती अंशांपर्यंत जातो ते मोजून कागदावर लिहिले. ठणका असेपर्यंत हलकेच व्यायाम दिले: टेबलाला टेकून वाकायचे आणि हात सैल सोडून झुलवायचा, काठी दोन्ही हातांत धरून चांगल्या हाताने दुखऱ्याला वर न्यायचे. हे दुखणे महिनोन् महिने, कधी वर्षाच्या पुढेही रेंगाळते, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकले. आता मावशींचे हात मागे अंबाड्यापर्यंत पोहोचतात. घरी रोज व्यायाम त्यांनी केले. मी दर आठवड्याला माप घेऊन ते बदलत गेले.

तेव्हा वाचकहो, पहिल्या भेटीला घाई करू नका. जुने रिपोर्ट, एक्स-रे, चालू गोळ्यांची चिठ्ठी बरोबर न्या, अंगात सैल कपडे असू द्या. तुम्हाला न तपासता, न चालवता, न वाकवता कुणी थेट मशीन लावत असेल तर "माझी तपासणी कधी करणार?" असे स्पष्ट विचारा. समोरच्या व्यक्तीची महाराष्ट्र राज्याच्या फिजिओथेरपी परिषदेकडे नोंदणी आहे का, हेही विचारा. त्यात संकोच कसला? आणि एक मात्र विसरू नका: पाठदुखीबरोबर ताप असेल, वजन उतरत असेल, जांघेत बधिरपणा आला असेल किंवा लघवीवरचा ताबा गेला असेल, तर आधी डॉक्टर गाठा. शेवटच्या दोन तक्रारींत तर एक दिवससुद्धा थांबू नका.

मला सर्वांत जास्त त्रास होतो तो पक्षाघाताचे पेशंट उशिरा येतात तेव्हा. तब्येत स्थिर झाली की एक-दोन दिवसांतच हालचाल सुरू करायची असते. प्रत्यक्षात डिस्चार्जनंतर पेशंट घरी नुसता पडून राहतो आणि आमच्याकडे येईपर्यंत मनगट, बोटे आवळून गेलेली असतात. घरची माणसे जीव तोडून सेवा करतात, पण उठवताना लुळा हातच धरून ओढतात. स्नायूंचा आधार गेलेला तो खांदा अशाने जागचा सरकतो, आणि मग त्या दुखण्यामुळे पेशंट व्यायामालाच तयार होत नाही. हात ओढू नका, पाठीमागून खांद्याच्या फऱ्याला आधार द्या, बसवल्यावर हाताखाली उशी ठेवा. एवढे दाखवायला पाच मिनिटे पुरतात. ती पाच मिनिटे वॉर्डातच मिळायला हवीत.

म्हणून सरकारी आणि खासगी, दोन्ही रुग्णालयांना माझी विनंती आहे. पक्षाघात, खुब्याचे हाड मोडणे, गुडघ्याचे ऑपरेशन यांच्या डिस्चार्ज कार्डावर औषधांखाली व्यायाम मराठीत लिहून द्या, आणि पेशंट गाडीत बसण्याआधी ते घरच्या एका माणसाकडून करून घ्या. ग्रामीण रुग्णालयांत फिजिओथेरपिस्टची पदे रिकामी असतील तर ती भरा. कुरुंदवाड, हुपरीकडच्या माणसाला रोजगार बुडवून, पक्षाघाताचा पेशंट रिक्षात घालून रोज इचलकरंजीला आणणे परवडत नाही. दोन-चार वेळा येतो आणि मग यायचा थांबतो.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट, इचलकरंजी