आमच्या आईंच्या नाइट ड्यूटीवाल्या सिस्टरना

सिस्टर, नमस्कार. नाव लिहीत नाहीये, तुम्हाला आवडणार नाही. सर्जनसाहेबांचे आभार सगळ्यांनी मानले, पेढेही त्यांच्याच केबिनमधे गेले, म्हणून हे खास तुमच्यासाठी.

सासूबाई 81 वर्षांच्या, खुब्याचं हाड मोडलेलं, वर बीपी, शुगर, कानाला मशीन. तुम्ही ऑपरेशनच्या आधी निवांत बसून सगळं विचारलंत, गोळ्या कुठल्या, झोपेची घेतात का, एरवी वार-तारीख, माणसं नीट आठवतात का. हे कशाला म्हटलं तर म्हणालात, आधी कशा होत्या तेच माहीत नसेल तर नंतर काय बिघडलं ते कळणार कसं.

आणि ते पाण्याचं! आम्ही तर त्यांना निर्जळी एकादशीच घडवणार होतो. तुम्ही भूलतज्ज्ञ डॉक्टरांना विचारून सांगितलंत की जेवण 6 तास आधी बंद, पण साधं पाणी 2 तास आधीपर्यंत चालेल, म्हातारं शरीर आधीच कोरडं पडलेलं असलं की पाठीत इंजेक्शन दिल्यावर बीपी आणखी खाली जातं. कवळी काढून डबीत ठेवलीत पण कानाचं मशीन राहू दिलंत, कारण कमरेखालचंच बधिर होणार, डॉक्टरांचं बोलणं ऐकू तर यायला हवं ना. ऑपरेशन थिएटरमधे गार पडू नयेत म्हणून गरम हवेचं पांघरूण, नंतर टाचा गादीला घासू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली उशी.

रात्री मात्र आईंनी कहर केला. पलंगाला टेम्पो समजून "राजवाडा आला का रे, उतरव मला", आणि सलाईन ओढायला लागल्या. आमचे हे घाबरून म्हणाले, झोपेचं इंजेक्शन देऊन टाका. तुम्ही म्हणालात, थांबा, त्यानं गोंधळ उलट वाढू शकतो, या वयात लिव्हर-किडनी औषध हळू बाहेर काढतात, आधी कारण शोधू. ऑक्सिजन बघितलात, शुगर बघितली, दुखतंय का विचारलंत, पोटाला हात लावलात तर लघवी तुंबलेली! तिची सोय केलीत, डॉक्टरांना विचारून दुखण्याचं औषध दिलंत, चष्मा लावलात, मशीन कानात घातलंत आणि न कंटाळता सांगत बसलात, आजी, आत्ता रात्र आहे, हे हॉस्पिटल, हा तुमचा मुलगा.

याला डिलिरियम म्हणतात, हे वेड नाही, तुमच्याकडूनच कळलं. आणि ओरडणारा पेशंट लक्षात तरी येतो, पण जो गप्प पडून राहतो, पेंगतो, जेवत नाही, त्याचाही असाच गोंधळ असू शकतो, तो कोणाला दिसतच नाही, हे मी आता येईल त्याला सांगते. शेजारच्या बेडवरच्या काकांचं तुम्हीच ओळखलंत, घरचे बिचारे खुश होते की बाबा किती शांत आहेत.

आई आता वॉकर घेऊन ओट्यापर्यंत येतात आणि माझ्या वरणात काय कमी आहे ते सांगतात. ड्यूटी नसेल त्या रविवारी रामबागेत पोह्यांना या. फक्त टेम्पोचा विषय काढू नका, त्या मान्यच करत नाहीत.

तुमची,
त्यांची सूनबाई