पक्या, तुला खरंच दोन-दोन दिसत होतं

प्रिय पक्या,

डबल नाही, पक्याच. गेली वीस वर्षं पत्र असो, मेसेज असो, मी तुला डबल म्हणत आलो. आजही तेच लिहायला हात गेला आणि थांबला. का थांबला ते सांगायलाच हे पत्र आहे. फोनवर हे मला जमलं नसतं. तू मध्येच हसला असतास आणि मी विषय बदलला असता.

सहा महिने उत्तर दिलं नाही याबद्दल रागव, पण वाचून झाल्यावर. तब्येत ठीक आहे. गुडघा कधीमधी कुरकुरतो. आईची शुगर ताब्यात आहे. दादा होता तसाच. झालं.

परवा चिऊनं कपाटाच्या तळातून तो डबा काढला. तोच. मामानं दिलेला, ‘स्पाय किड्स ३-डी’ या सिनेमाच्या डीव्हीडीचा. कोपरा चेपलेला, आत दोन डिस्क आणि लाल-निळ्या काचांचे पुठ्ठ्याचे चष्मे. तिला वाटलं, खजिनाच सापडला. मीही फुललो. ड्राइव्ह शोधला, टीव्हीला जोडला, खोलीत अंधार केला. तिला सगळं समजावून सांगितलं: तो पोरगा व्हिडिओ गेमच्या आत शिरला की चष्मे चढवायचे, बाहेर आला की उतरवायचे. तिनं अगदी शहाण्यासारखं सगळं केलं. गाड्यांची ती भन्नाट शर्यत सुरू झाली, आणि पाच मिनिटांत चिऊ म्हणाली, “बाबा, दोन-दोन दिसतंय.”

मी काय म्हणालो असेन? “चष्मा नीट घाल.”

तोंडातून शब्द निघाले आणि अंगावर काटा आला रे. तेच शब्द, तोच सूर. तिनं चष्मा काढला नाही, माझ्याकडे वळून म्हणाली, “नीटच घातलाय.” मग मी दुसरा चष्मा उचलून लावला आणि बघितलं. प्रत्येक चाकाला लालसर सावली, प्रत्येक चेहऱ्याच्या कडेला निळसर दुसरा चेहरा. दोन-दोन.

आता खरी गोष्ट, पक्या. मला हे परवा पहिल्यांदा दिसलं नाही. २००४ सालीही मला दोन-दोनच दिसत होतं.

तो दिवस तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असणार. बाळू, छोटी, आत्याची दोघं, तू आणि मी. सिनेमातला खलनायक, तो खेळणीवाला, त्याच्याच तीन रूपांशी बोलत होता, चारही म्हणजे एकटा नट सिल्व्हेस्टर स्टॅलोनच. आणि तू मोठ्यानं म्हणालास, “आठ आहेत!” सगळे खो-खो हसले. आजही तो मला त्या सिनेमावरचा सगळ्यात भारी विनोद वाटतो, फक्त तू विनोद केला नव्हतास. तू जे दिसत होतं ते मोजून सांगितलं होतंस. मी म्हणालो, “चष्मा नीट घाल.” तू म्हणालास, “नीटच घातलाय, डिस्कच खराब आहे.” मामानं माझ्यासाठी आणलेली डिस्क, आणि तिला तू खराब म्हणतोस! मी तुझा चष्मा ओढला, दांडी तुटली, तू घरी गेलास. मग मी सगळ्यांना विचारलं, तुम्हाला नीट दिसतंय ना? डोळे खराब ठरायची कुणाची तयारी नव्हती. सगळे हो म्हणाले. मीही हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी काकूंना जाऊन सांगणारा मीच. “पक्याला दोन-दोन दिसतं.” काकू घाबरल्या, तुला डॉक्टरकडे नेलं, डोळ्यांत थेंब घालून तू दिवसभर उन्हाकडे पाठ करून बसलास. डोळे ठणठणीत निघाले. तरी डबल हे नाव मीच ठेवलं आणि दहावीपर्यंत वर्गात मीच चालवलं. दहावीच्या निरोप समारंभात सरांनीसुद्धा तुला त्याच नावानं हाक मारली. तू हसलास. मीही हसलो.

चिऊ झोपल्यावर त्या रात्री मी बसलो, आणि नंतरच्या चार रात्रीही. मला पक्कं शोधून काढायचं होतं की दोष कुठे आहे. तुला पुरावा द्यायचा होता, नुसती माफी नाही.

आधी साधी परीक्षा केली. शर्यतीतली एक चौकट थांबवली आणि एकेक डोळा आलटून पालटून मिटला. चष्म्याचं काम एवढंच असतं की लाल काचेच्या डोळ्याला एकच चित्र दिसावं आणि निळ्या काचेच्या डोळ्याला दुसरंच. मेंदू ती दोन जुळवतो आणि चित्राला खोलपणा येतो. पण एक डोळा मिटला तरी मला उरलेल्या डोळ्यात दोन्ही चित्रं दिसत होती. एक ठळक, दुसरं पुसट. म्हणजे गळती होत होती, आणि ती डोळ्यांपर्यंत पोचण्याआधीच.

मग ती चौकट संगणकावर घेतली आणि लाल थर वेगळा काढला. पक्या, तू बघायला हवं होतंस! लाल थरात चौकोनी ठोकळे, करवतीच्या दातांसारख्या कडा, आणि त्यात दुसऱ्या डोळ्याच्या चित्राचं भूत. त्याचे फोटो या पत्रासोबत आहेत.

कारण वाचून मी खुर्चीतून उठलो. डीव्हीडीवर चित्राचा उजेड-अंधार पूर्ण बारकाईनं साठवतात, ७२० बाय ४८० ठिपक्यांत. पण रंग साठवतात फक्त ३६० बाय २४० मध्ये. उभे निम्मे, आडवे निम्मे, म्हणजे चार ठिपक्यांमागे रंगाचा एकच नमुना. माणसाच्या डोळ्याला रंगाचा बारकावा कमी कळतो, म्हणून ही काटकसर एरवी खपून जाते. कुठल्याही साध्या सिनेमात तुला-मला ती जाणवणार नाही. पण या सिनेमात डावं चित्र कुठलं आणि उजवं कुठलं, हे सांगणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे रंग! जो भाग डीव्हीडी पहिल्यांदा फेकून देते, नेमका त्याच्यावर सगळा खेळ उभा होता. वर पुन्हा एमपेग-२ चं, म्हणजे चित्र दाबून कमी जागेत बसवायच्या पद्धतीचं दडपण. आठ बाय आठच्या ठोकळ्यांत चित्र दाबताना उरलेल्या रंगावरही कात्री चालते.

आणि आपण बघितलं कसं, आठव. पिवळी, पांढरी, लाल अशा तीन पिनांची वायर. चित्र सगळं एकट्या पिवळ्या पिनेतून. त्या वायरीत उजेड आणि रंग एकत्र कालवून पाठवतात आणि रंगाच्या वाट्याला अगदी अरुंद वाट येते. म्हणजे डिस्कवर जेवढा रंग उरला होता, तोही टीव्हीपर्यंत पोचताना पसरला. त्यानंतर चष्म्याची काच. लाल काचेतून फक्त लाल यायला हवं, पण पडद्याचा हिरवा थोडाथोडा आरपार येतोच. तीन ठिकाणी गळती, आणि आम्ही दोष दिला तुझ्या डोळ्यांना.

थिएटरात हे इतकं वाईट नसणार. २००३ साली फिल्मच्या प्रिंटवर रंगाची अशी चौथाई होत नव्हती. दुःख याचंच वाटतं. दिग्दर्शक रॉड्रिगेझनं तो सिनेमा दोन डिजिटल कॅमेरे जोडून टिपला होता, प्रत्येक डोळ्यासाठी वेगळं, १९२० बाय १०८० चं स्वच्छ चित्र. दोन निर्मळ चित्रं अस्तित्वात होती आणि आपल्यापर्यंत त्यांचा एकत्र कालवलेला गाळ आला. डब्यावर मात्र ३-डी असं केवढं मोठं लिहिलेलं. मला त्याचा खरोखर राग येतो. मुलांचा सिनेमा आहे, मुलं काय तक्रार करणार, असंच कुणीतरी गृहीत धरलं असणार. मुलानं तक्रार केली होती. भर खोलीत, मोठ्या आवाजात केली होती.

तू म्हणशील, मग दुसरी डिस्क बघायची, साधी २-डी. बघितली. रंग एकदम जिवंत! चष्म्यातून तो पोशाख, तो लाव्हा सगळं राखाडी-जांभळं दिसतं, कारण भडक लाल वस्तू एका डोळ्याला लख्ख आणि दुसऱ्याला काळी दिसते आणि डोकं भणभणतं, म्हणून रंग आधीच मरगळवलेले असतात. २-डीमध्ये लाव्हा खराखुरा लाव्हा आहे. फक्त सगळे जण सारखे कॅमेऱ्याकडे हात लांबवतात, वस्तू फेकतात, आणि ते का ते कळत नाही. चिऊनं विचारलं, “हे सगळे आपल्याला काय देतायत?” मला फार गोड वाटलं ते.

सिनेमातले आजोबा मात्र दोन्हीत तितकेच सुंदर आहेत. ते काम करणारे रिकार्डो माँटलबान खऱ्या आयुष्यात चाकांच्या खुर्चीत होते, आणि खेळाच्या आत शिरल्यावर तो म्हातारा उड्या मारतो. तिथे आजही माझ्या घशाशी येतं. तुझे आजोबा आपल्याबरोबर बसून बघायचे आणि त्या जागी टाळ्या वाजवायचे, ते आठवतं ना? चष्मा न घालता बघायचे ते. त्यांनाही दोन-दोन दिसत असणार. कधी बोलले नाहीत बिचारे.

एक जुनं भांडण इथेच मिटवून टाकू. तू कॉलेजात असताना म्हणायचास, थांब, मोठ्या पडद्याचे, जास्त ठिपक्यांचे टीव्ही येतील, मग हा सिनेमा काचेसारखा दिसेल. मी म्हणायचो, येतील तेव्हा येतील. तर आले, आणि यात तू चुकलास, मित्रा. डिस्कमध्ये नसलेला रंग टीव्ही कुठून आणणार? माझ्या टीव्हीवर तर भूत आणखी ठसठशीत झालं. चित्र जास्त धारदार करणारी सोय बंद केली, भडक रंगांची मोड बंद केली, चित्र गुळगुळीत करणारं सगळं बंद केलं, तेव्हा थोडी गळती कमी झाली. चिऊ म्हणाली, “आता दीड-दीड दिसतंय.” आणि मूळ चित्रच १०८० ओळींचं असल्यामुळे उद्या कुणी त्यावर ४के असा शिक्का मारला, तरी ते ताणलेलंच असेल. फिल्मवरच्या सिनेमाची निगेटिव्ह पुन्हा स्कॅन करता येते. इथे निगेटिव्हच नाही.

खरा उपाय एकच होता: दोन्ही डोळ्यांची चित्रं वेगवेगळी साठवणं. ब्लू-रे ३-डीचा नियम डिसेंबर २००९ मध्ये ठरला, त्यात प्रत्येक डोळ्याला पूर्ण १०८० मिळतात आणि रंगांच्या काचा लागतच नाहीत. पण तोवर आपण मोठे झालो होतो, आणि २०१७ पर्यंत मोठ्या कंपन्यांनी ३-डी टीव्ही बनवणंच सोडून दिलं. म्हणजे जो सिनेमा आपल्याला घरी बघायचा होता, तो घरी नीट दिसायची खिडकी जेमतेम सात-आठ वर्षं उघडी होती. आपण तेव्हा परीक्षा आणि नोकऱ्यांत होतो.

तुझं कसं चाललंय? नवीन साहेब बरे आहेत का जुन्यासारखेच? वहिनींचा कोर्स संपला असेल. काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं हे बाळूकडून कळलं, मी फोन करायला हवा होता. करतो. घर बदलणार होतास त्याचं काय झालं? सविस्तर लिही, आणि कृपा करून टाइप कर, तुझं अक्षर वाचायला मला आजही छोटीला बोलवावं लागतं.

चिऊला मी सगळं सांगितलं. आठ स्टॅलोन, ओढलेला चष्मा, डोळ्यांतले थेंब, नाव. तिनं विचारलं, “तुलापण दोन-दोन दिसत होतं?” हो म्हणालो. “मग तू काकाला सांगितलं का नाहीस?” मामाची भेट होती, तिला कुणी वाईट म्हणू नये असं वाटत होतं, हे मी तिला सांगून बघितलं. ती ऐकून घेत होती, पण तिला पटलं नाही. मलाही मोठ्यानं बोलल्यावर पटलं नाही. मामानं तर उलट तुझं म्हणणं ऐकून ती डिस्क बदलून आणली असती, तसाच होता तो.

पक्या, मी खोटं बोललो होतो. तू खरं सांगत होतास. काकूंनाही हे मी स्वतः सांगणार आहे, याच आठवड्यात. बाळूला आणि आत्याच्या दोघांना कळवलं आहे. बाळूचं लगेच उत्तर आलं: “मलापण दोन दिसत होते.” छोटीनं अजून वाचलेलं नाही.

तुझा तो तुटका चष्मा डब्यात सगळ्यात खाली होता. मी तेव्हा गुपचूप दांडी चिकटवून ठेवली होती, तुला द्यायची म्हणून. चिकटपट्टी पिवळी पडली आहे, पण दांडी धरून आहे. तसाच पाठवू की नवी पट्टी लावू, ते कळव.

तुझा,
बंड्या