आकडा कुणाच्या बाजूचा ते नंतर बघू

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा तोंडावर आलाय, म्हणजे आता आमच्या निपाणी-चिकोडी भागातल्या सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अलमट्टी सुरू होणार, म्हणजे कृष्णेवरचं खाली कर्नाटकातलं धरण. दरवर्षीचंच आहे. वेदगंगा-दूधगंगेचं पाणी जरा वाढलं की एक जण लिहितो अलमट्टीनं बुडवलं, दुसरा लिहितो वरच्या महाराष्ट्रातल्या कोयना धरणानं बुडवलं, आणि तिसऱ्या मेसेजला विषय पाण्याचा राहतच नाही, तू कुणाचा, तुझी पोरं कुठल्या शाळेत, इथलं रेशन खातोस आणि वर असं बोलतोस, असलं चालू होतं. बरं हे लिहिणारे अडाणी म्हणावेत तर तसंही नाही, मास्तर आहेत, इंजिनिअर पोरं आहेत, ऊसवाले शेतकरी आहेत ज्यांना नदीचं पाणी कुठल्या तासाला कुठल्या बांधाला लागतं ते तोंडपाठ आहे. हीच माणसं मोबाईल हातात घेतला की आकडा खरा का खोटा हे बघायच्या आधी तो कुणाच्या बाजूचा आहे ते बघतात, त्यावर जरा सविस्तर लिहायचं आहे, पत्र लांबलं तर काटछाट करा.

२०१९ च्या ऑगस्टमधला महापूर घ्या. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. आमच्याकडं नदीकाठची गावंच्या गावं उठवावी लागली. त्यानंतर महाराष्ट्र सरकारनंच नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, २०२० मध्ये तिचा अहवाल आला आणि सांगली-कोल्हापूरच्या त्या पुराला अलमट्टीचा फुगवटा, म्हणजे धरणात अडून नदीत मागं चढणारं पाणी, कारणीभूत नाही असं त्या समितीनं म्हटलं, प्रचंड पाऊस आणि पूररेषेतली अतिक्रमणं यावर बोट ठेवलं. आता हा अहवाल मराठी ग्रुपवर टाकून बघा. कुणी वाचत नाही, पहिलं उत्तर येतं की समिती मॅनेज केली असणार. का मॅनेज केली असणार, कुणी केली, अहवालातलं कुठलं पान चुकलंय, काही नाही. नुसतं आपल्याला नको होतं ते निघालं म्हणून मॅनेज.

आणि कन्नड ग्रुपवर काय होतं, मी तिथंही आहे म्हणून सांगतो. तिथं हाच अहवाल हुकमाच्या पानासारखा टाकतात, बघा तुमच्याच लोकांनी सांगितलं, आता धरणाची उंची वाढवायला तुमची हरकत कसली. इथं थांबायला पाहिजे. अलमट्टीत आत्ता ५१९.६० मीटरपर्यंत पाणी साठवतात. कृष्णा पाणीवाटपाच्या दुसऱ्या लवादानं २०१० मध्ये ते ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायला परवानगी दिली आणि भांडण आता त्या वरच्या साडेचार मीटरवर आहे. २०१९ साली ५१९ च्या पातळीनं पूर आणला का हा एक प्रश्न झाला. ५२४ पर्यंत साठवलं तर फुगवटा किती मागं येईल हा दुसरा. आणि एकदा आलेला पूर उतरायला त्यानं उशीर होतो का हा तिसरा. एका प्रश्नाचं उत्तर उचलून दुसऱ्यावर चिकटवायचं हा प्रकार दोन्हीकडं चालतो आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नाही.

मी स्वतः उंची वाढवू नये या मताचा आहे, उगीच तटस्थपणाचा आव आणत नाही. नदीकाठाला राहतो, भीती वाटते. पण म्हणून वडनेरे अहवाल मी लपवायचा का? उलट मीच आधी सांगायला पाहिजे की हा अहवाल माझ्या बाजूला अडचणीचा आहे, आणि तरीही माझं म्हणणं अमुक कारणानं उरतं. आणि हेही सांगायला पाहिजे की दोन्ही राज्यांनी कृष्णेवरच्या राजापूर, अंकली, हिप्परगी इथल्या पातळ्या तासातासाच्या हिशेबानं उघड केल्या आणि कुणीतरी तिसऱ्यानं गणित मांडून दाखवलं की ५२४ नं आमच्याकडं फरक पडत नाही, तर मी गप्प बसेन. एवढं म्हणायला कुणाचं काही जात नाही. पण ग्रुपवर असं म्हटलं की लोक म्हणतात, अरे तू तर आत्ताच हरलास.

आता गणिताचंच निघालंय तर एक सांगतो. मागं एक मेसेज फिरत होता की कोयनेतनं एका रात्रीत ५० टीएमसी पाणी सोडलं, लपवून ठेवलंय, पुढं पाठवा. शेकड्यांनी पुढं पाठवला. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, दिवसाचे सेकंद ८६,४००. भागाकार केला की कळतं, एक टीएमसी पाणी २४ तासांत सोडायचं तर ११,५७४ क्युसेकनं सोडावं लागतं. मग ५० टीएमसी बारा तासांत म्हटलं तर साडेअकरा लाख क्युसेकच्या वर जातं! २०१९ ला कृष्णा, कोयना, वारणा, पंचगंगा, दूधगंगा, सगळ्यांचं पाणी खाली गोळा होऊन अलमट्टीतनं जे सोडलं ते पाच लाख क्युसेकच्या वर होतं, आणि तेवढ्यानं काय झालं ते आपण बघितलं. कोयना अख्खी भरली तरी १०५ टीएमसी. म्हणजे निम्मं धरण रात्रीत रिकामं, आणि कऱ्हाडला कुणाला जागच आली नाही. हे सातवीतलं गणित आहे. ते करायला महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकाच्या बाजूचं असावं लागत नाही, मोबाईलमध्ये कॅल्क्युलेटर आहे.

अफवा काय करते ते आपल्या सीमाभागाला सांगायला नको. २०१८ च्या जुलैत बीदर जिल्ह्यात पोरं पळवणारी टोळी आली म्हणून व्हॉट्सअॅपवर पसरवलं आणि हैदराबादचा एक इंजिनिअर पोरगा जमावानं मारला, त्याच महिन्याच्या एक तारखेला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच जण मारले होते. त्यानंतर व्हॉट्सअॅप कंपनीनं आपल्या देशात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली. मर्यादेनं वेग कमी होतो, खोटं ते खोटंच राहतं.

तर आता राजकारणाकडं येतो, म्हणजे महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावर केंद्रानं नेमलेल्या महाजन आयोगाच्या अहवालाकडं. आमच्याकडं कन्नड मित्र ठासून सांगतात, महाजन अहवाल अंतिम, विषय संपला. मी निपाणीत राहतो, मला हसू येतं. कारण त्याच अहवालात निपाणी, खानापूर, नंदगड महाराष्ट्राला द्यावं असं आहे. २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ तेव्हाच्या म्हैसूर राज्याला, म्हणजे आजच्या कर्नाटकाला, त्यात जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडचा भाग. बेळगाव आहे तिथंच. अहवाल अंतिम म्हणायचा तर अख्खा म्हणा, मग निपाणी सोडायला तयार आहात का असं विचारलं की ग्रुपवर शांतता. आमच्याकडचे काय करतात? त्या २६४ गावांचा आकडा भाषणात वापरतात आणि उरलेला अहवाल एकतर्फी म्हणून फेकून देतात. एकतर्फी का, महाजनांनी कुठला निकष लावला आणि खेडं हा घटक धरून सीमा ठरवा या आपल्या मागणीचं काय झालं, हे सांगता येणारा माणूस शोधायला जावं लागतं. मुद्दा नाही असं नाही, आपला मुद्दा भक्कम आहे असं माझं मत आहे, २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे, पण तो मांडायची सवय गेली. अहवाल १९६७ चा, वाचलेला एक माणूस मला ग्रुपवर भेटलेला नाही, त्यावर बोलणारे मात्र रोज भेटतात.

विज्ञानातपण हीच गत. कोविशील्डचं बघा, अॅस्ट्राझेनेकाचीच कोरोनाची लस, आपल्याकडं या नावानं दिलेली. २०२४ मध्ये बातमी आली की अॅस्ट्राझेनेका कंपनीनं ब्रिटनच्या कोर्टात कबूल केलं, लसीनं अगदी क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. झालं, ज्याच्या घरी कुणालाही तेव्हापासून हार्ट अॅटॅक आला त्यानं लसीवर ढकललं. दुसऱ्या बाजूच्यांनी लगेच सगळं खोटं, अफवा, असं ठोकून दिलं. खरं तर तो धोका २०२१ पासूनच माहीत होता आणि खरा होता, आणि तो फार क्वचित होता हेही तेवढंच खरं. आपल्या देशात २०२२ च्या जुलैपर्यंत २०० कोटी डोस झाले होते, एवढ्यांना दिल्यावर लस घेतली आणि आठवड्यानं अॅटॅक आला अशी माणसं लस नुसतं पाणी असती तरी हजारोंनी निघाली असती. मग लस न घेतलेल्यांत किती निघाली ते बाजूला ठेवून बघायला लागतं. ज्याचा माणूस गेलाय त्याला ग्रुपवर हे ऐकवायचं का, तर नाही, तिथं गप्प बसावं. पण त्याच्या दुःखाचा मेसेज करून चारशे जणांना पाठवणाऱ्याला मात्र विचारावं.

अजून एक जमात आहे तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. हे लोक स्वतः काही म्हणत नाहीत, फक्त पुरावा दे पुरावा दे करतात. दिला की उघडत नाहीत, दुसरा मागतात, तो दिला की हा सरकारी, हा परदेशी, हा जुना, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुड मॉर्निंगच्या फुलाखाली परत तोच कालचा दावा. यांच्यासाठी मी एकच प्रश्न ठेवलाय, काय दाखवलं तर तू मत बदलशील ते आधी सांग गड्या. काहीच नाही म्हणाला तर दोघांचा वेळ वाचतो. मात्र यांच्यामुळं खरंच विचारणाऱ्याचं मरण होतं. आमच्या ग्रुपवर एका पोरानं विचारलं महाजन अहवालात नेमकं काय आहे, कन्नड शाळेत शिकलेला पोरगा, त्याला माहीत नव्हतं म्हणून विचारलं, तर त्याला दोन तास एजंट एजंट म्हणून झोडपला. तो ग्रुप सोडून गेला. आता त्याला महाजन कोण समजावणार, दुसऱ्या बाजूचे समजावतील की, त्यांच्या पद्धतीनं.

संपादक साहेब, तुमच्याकडं दोन मागण्या आहेत. १ जूनपासून पहिल्या पानावर एक चौकट द्या: अलमट्टीची पातळी मीटरमध्ये, आवक-जावक क्युसेकमध्ये, हिप्परगी, कोयना, राजापूर बंधारा, आयर्विन पूल, आणि प्रत्येक आकड्यापुढं किती वाजताचा आणि कुणाचा. केंद्रीय जल आयोग, दोन्ही राज्यांची खाती रोज आकडे देतात, ते शोधायची सवय नाही एवढंच, पेपरात आलं तर लोक कापून ठेवतील. एवढ्या जागेत एक वाढदिवसाची जाहिरात बसते ते मला कळतं, निदान पुराच्या आठवड्यात तरी द्या. आणि चुकलेला आकडा दुरुस्त करायचा तर आतल्या पानाच्या कोपऱ्यात नको, त्याच चौकटीत करा.

दुसरी मागणी, आठवड्यातनं एकदा कन्नड पेपरातला सीमाप्रश्नावरचा किंवा पाण्यावरचा चांगला लेख, म्हणजे त्यांच्या बाजूचा सगळ्यात ताकदीचा, मराठीत छापा, खाली शेरा न मारता. उत्तर वाचक देतील. भाषांतराला माणूस मिळत नसेल तर मी करून देतो, माझं सातवीपर्यंत मराठीत आणि पुढं सगळं कन्नडात झालंय, पैसे नकोत, फक्त शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कात्रण पाठवा म्हणजे रविवारच्या अंकाला मिळेल.

आपला,
एक वाचक, निपाणी (जि. बेळगाव)