नवरदेवाविना वरात

महोदय,

सुपरहिरोपटांना प्रेक्षक कंटाळले, असं हल्ली सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. स्पायडर-मॅनचे चित्रपट काढणाऱ्या सोनी स्टुडिओचंच पाहा. डिसेंबर २०२१ मध्ये, करोनाचं सावट असतानाही, ‘स्पायडर-मॅन : नो वे होम’ने जगभरात १९० कोटी डॉलरच्या घरात कमाई केली. त्यानंतर चारच महिन्यांत त्याच गोतावळ्यातला ‘मॉर्बियस’ आला आणि १७ कोटींच्या आतच आटोपला. समाजमाध्यमांवर त्याची यथेच्छ टिंगल झाली. गंमत म्हणजे त्या टिंगलीलाच मागणी समजून जूनमध्ये तो अमेरिकेतल्या हजारेक थिएटरांत पुन्हा लावला. शनिवार-रविवार धरूनही गल्ला जेमतेम तीन लाख डॉलर, म्हणजे थिएटरमागे तीनशे!

पुढे २०२४ मध्ये ‘मॅडम वेब’ आणि ‘क्रेव्हन द हंटर’चीही तीच गत झाली. नाव स्पायडर-मॅनच्या घराण्याचं, पण तो स्वतः पडद्यावर नाहीच. नवरदेवाविना वरात काढली तर लोक नाचतील कशाला?

‘वेनम’ (२०१८) मात्र याच वाटेने जाऊन ८५ कोटी डॉलर कमावून गेला. त्यात टॉम हार्डी आणि त्याच्या अंगात शिरलेला तो खादाड परग्रहवासी यांची भांडणं बघायला मजा येते. स्पायडर-मॅनची आठवणही होत नाही. ‘मॉर्बियस’ने मात्र अखेरच्या नामावलीत स्पायडर-मॅनचा जुना शत्रू, मायकल कीटनचा व्हल्चर, ओढूनताणून आणला. तोवर माझ्या रांगेतले अर्धेअधिक लोक पार्किंगमध्ये पोहोचले होते.

– एक वाचक, ठाणे